लाभ धरून एकोणीस

यंदाची ज्वारी आली. जतहून सुटणाऱ्या सातारा गाडीत आईनं कंडक्टरच्या हवाली केलेलं पोतं मी दुपारी स्टँडवर उतरवून घेतलं, रिक्षात टाकलं आणि दुसऱ्या मजल्यावर माझं मी चढवलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘अहो मॅडम, खालच्या दुकानात ज्वारी मिळत नाही का?’ मिळते की! पण तिला हा वास नसतो. सुतळी सैल केली की आधी धूळ उठते, मग उन्हात तापलेल्या कडब्याचा वास येतो, आणि त्याच्या पाठोपाठ, तुम्ही हसाल, मला कोऱ्या उत्तरपत्रिकेचा वास येतो. आमच्याकडं ज्वारीची सुगी आणि परीक्षा एकाच वेळी येतात, फेब्रुवारी-मार्चात. दोन्ही माझ्या नाकात एकत्रच बसल्या आहेत, त्याला मी काय करणार!

पोतं अजून मापलेलं नाही. दर वर्षी आई अठरा शेर पाठवते. ना सतरा, ना वीस. अठराच का, हे मी कधी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. तरी मापून घ्यायचं आणि फोन करून ‘अठरा भरली’ म्हणून सांगायचं, हा आमच्या दोघींचा रिवाज. शेराचं माप तिनंच दिलंय, लोखंडी, कडेला एक पोचा असलेलं.

मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. काल बारावीच्या फळ्यावर लिहिलं, एक इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे एक पूर्णांक सहा दशांश गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात, इतके ज्यूल. वर्गात नेहमीसारखा उसासा फिरला. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, एवढ्या बारक्या एनर्जीचं करायचं काय?’

‘तुझा पेरू किती वजनाचा?’ मी विचारलं. तिच्या डब्याशेजारी खरंच पेरू होता. शंभर ग्रॅमचा पेरू जमिनीवरून एक मीटर वर उचलायला साधारण एक ज्यूल लागतो. आता लाल दिव्यातून प्रकाशाचा एक कण निघतो, त्याची ऊर्जा दोन इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. ती ज्यूलमध्ये मोजायला जाणं म्हणजे इस्लामपूरच्या कारखान्यावरच्या उसाच्या वजनकाट्यावर हळदीची चिमूट ठेवण्यासारखं आहे. काटा हलायचाच नाही. म्हणून काय हळद नाही असं होतं का? हळद आहे. माप मोठं पडलंय. अणूच्या घरात शिरायचं तर माप अणूच्या घरातलं घ्यावं, आणि बाहेर येऊन जगाला सांगायचं तर त्याचे ज्यूल करावेत. जुन्या पुस्तकांना अर्ग आवडतात, एका ज्यूलमध्ये एक कोटी अर्ग. ऊर्जा तेवढीच असते, आकडे बदलतात.

हे सगळं मी आता ऐटीत सांगते. पण याच उणे एकोणीसनं मला एकदा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला नापास केलं होतं. अणूंच्या पेपरात. तीन मार्कांनी.

तेव्हा मी आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, साताऱ्यात एका खोलीत राहत होतो. आण्णा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले आणि एमआयडीसीतल्या एका फॅक्टरीच्या गेटवर सिक्युरिटीला. आई जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीवरच्या आमच्या गावात, कोरडवाहू रानाचं एकटीनं बघायची. माझा निकाल आण्णांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग म्हणाले, ‘देख अश्विनी, एक मौका और. ह्या बारीला विषय निघाला तर एम.एस्सी.ला जा, मी आडवा येणार न्हाई. न्हाई निघाला तर सामान बांधायचं आन गावी जायचं. आई एकटी मरतीया तितं. तिला हात तर हुईल.’

रागानं नाही बोलले ते. रागावले असते तर मी भांडले असते. पण बोलणं रास्त होतं, आणि रास्त बोलण्याशी भांडता येत नाही. मी फक्त म्हटलं, ‘निघंल.’ त्या एका शब्दावर मला पुढचे पाच महिने काढायचे होते.

अभ्यास कमी नव्हता हो माझा! व्याख्या पाठ, आकृत्या सुबक, सूत्रं झोपेतून उठवून विचारा. घात आले की मात्र माझं घोडं अडायचं. वर कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेल्या त्या आकड्यावर माझा विश्वासच बसत नसे. आण्णांचा कॅल्क्युलेटर साधा, आठ आकड्यांचा. त्याच्यात असलं उत्तर घातलं की तो सरळ शून्य दाखवायचा. मला त्याचा संताप यायचा. शून्य कसं? काहीतरी आहे ना तिथं! मग मी हट्टानं सगळी शून्यं लिहून काढायची. तीन पूर्णांक दोन घ्यायचा, पेन्सिलीच्या टोकानं टिंब एकेक घर डावीकडं उडवायचं, एकोणीस उड्या, आणि मोकळ्या घरांत शून्यं भरायची. ज्यूलचे अर्ग करायचे तर उजवीकडं सात उड्या. वहीची पानंच्या पानं शून्यांनी भरलेली असायची. शेजारीण म्हणायची, ही काय रांगोळी काढतीया का!

मगदूम मॅडम आम्हाला तो पेपर शिकवायच्या. सांगलीकडच्या जैन व्यापारी घरातल्या, बुटक्या, बोलायला फटकळ. नापास झाल्यावर मी त्यांच्याकडं रोज दहा गणितं घेऊन जायची. एकदा त्यांनी महिन्याभराची वही एका बैठकीत तपासली आणि लाल पेन खाली ठेवलं.

‘अगं, तू चुकतेस ते बघितलंस का? ज्यूल दहापट कमी येतात. दिलेल्या ज्यूलचे अर्ग केलेस की ते दहापट जास्त येतात. दर वेळी दहापटच! माणूस चुकला की कधी दहापट चुकतो, कधी शंभरपट, कधी चुकून बरोबर पण येतो. तू नियमानं चुकतेस. ही चूक नाही बाई, सवय आहे. कुठली ते शोधून काढ.’

मी घरी येऊन आण्णांना सांगितलं. ते बूट पॉलिश करत होते. ‘दहापट?’ ते म्हणाले. ‘निशाणा दहापट चुकला तर गोळी कुठं जाईल म्हाईत हाय का? दुश्मनाला सोड, बाजूच्या गावात म्हस मरंल.’ मला हसूही आलं आणि रडूही. मी पुन्हा वही उघडली. उड्या मोजल्या. एकोणीसच होत होत्या. माझ्या हिशोबानं एकोणीसच!

महाशिवरात्रीला जोडून चार दिवस सुट्टी होती. आईचा निरोप आला, ‘मळणीची मशीन येणार हाय, माजा अंगठा कापलाय कडब्यानं, अश्वीला धाडा.’ परीक्षा दीड महिन्यावर. मी वही पिशवीत घातली आणि निघाले. मिरजेच्या पुढं हिरवं संपत जातं, द्राक्षांचे मांडव विरळ होतात, मग नुसती कुसळं आणि मेंढरं. खिडकीतून बघताना मला एकच भीती होती, की विषय नाही निघाला तर हा रस्ता पुन्हा उलटा जायचा नाही.

त्या वर्षी पाऊस रुसला होता, कणसं बोटाएवढी. मशीन तासाभरात काम आटपून गेली. ताडपत्रीवर जी रास पडली ती बघून आईनं पदरानं तोंड पुसलं. एरवी बैलगाडी भरायची त्या रानातून.

आमच्याकडं रास मापायची एक पद्धत आहे. मापणाऱ्यानं पूर्वेला तोंड करून बसायचं, चार शेरांची पायली दोन्ही हातांनी भरायची आणि मोजायला लागलं की रास संपेपर्यंत दुसरा शब्द बोलायचा नाही, उठायचं तर नाहीच. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. हे मुलखात सगळीकडंच म्हणतात. पण आमच्या घरात आणखी एक गोष्ट होती. आमचा लाभ येल्लाप्पामामाचा. येल्लाप्पामामा उन्हाळ्यात आमच्या रानात मेंढरं बसवायचा, त्या खतावर आमची ज्वारी यायची. म्हणून पहिली पायली त्याच्या घोंगड्यात पडायची, आणि ‘एक’ म्हणायचं ते त्याच्यानंतरच्या मापाला. आई लग्न होऊन आली तेव्हापासून हे असंच. मी चालायला लागले तेव्हापासून तिच्या मांडीशी बसून हेच ऐकत होते.

आईच्या अंगठ्याला चिंधी होती, म्हणून त्या दिवशी मापायला मी बसले. येल्लाप्पामामा घोंगडं पसरून समोर उकिडवा बसला होता. मी पायली भरली, त्याच्या घोंगड्यात रिती केली आणि मोठ्यानं म्हटलं, ‘लाभ!’ मग पोत्यात दुसरी पायली, ‘एक’. तिसरी, ‘दोन’. दाण्यांचा तो सळसळ आवाज, नाकात बारीक धूळ, दंडाला खाज. चार. पाच. सहा. सातव्याला माझे हात आपोआप थांबले.

सात म्हटलं होतं मी. पायल्या मात्र आठ झाल्या होत्या.

अर्ग! सात उड्या! पेन्सिलीची पहिली उडी मारताना मनात कुठला शब्द उमटतो, याकडं मी जन्मात कधी लक्ष दिलं नव्हतं. आता तो कानात वाजला. लाभ. लाभ, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. टिंबाची पहिली उडी मी येल्लाप्पामामाच्या घोंगड्यात टाकत होते!

मी उठायला गेले. आईनं खांद्यावर हात दाबला आणि डोळे वटारले. रास अर्धी सोडायची नाही. तोंडातून दुसरा शब्द काढायचा नाही. माझी वही दहा पावलांवर पडवीत, आणि मी पायली धरून बसलेली! काय सांगू तुम्हाला, त्या एकोणीस पायल्या मी कशा मापल्या ते माझं मला ठाऊक. आठ, नऊ, दहा. प्रत्येक पायलीला वाटायचं, फेकावी आणि पळावं. सव्वीसला रास संपली. शेवटचे दाणे तळव्यानं गोळा केले, कपाळाला लावले आणि मग धावले.

पडवीत बसून सहा जुनी गणितं उघडली. प्रत्येकात एक उडी जास्त. सहाच्या सहा! मी वही घेऊन परत आले आणि आईवर सरळ ओरडलेच, ‘आई, तुझ्या लाभानं माझा घात केला! तुझ्या लाभापायी नापास झाले मी!’

आईला आधी काही कळेना. मी बोटं नाचवून सांगितलं. येल्लाप्पामामाला मात्र पटकन कळलं. तो कानडी मुलखातला, मराठी त्याची आपली वेगळीच. ‘हौदु, हौदु,’ तो म्हणाला, ‘बरोबर हाय पोरगीचं.’ आणि घोंगड्याची चारी टोकं धरून उठला. ‘अक्का, यंदा लाभ नको मला. रासच बारकी झालीया. परत घाल हे.’

‘खाली ठेव,’ आई म्हणाली.

‘आई, अगं सव्वीस पायल्या झाल्यात फक्त,’ मी म्हटलं. ‘यंदा तरी मोज की लाभ. सत्तावीस होतील.’

‘मोजला तर तो आपला होतोय गं,’ आई म्हणाली. ‘आन एकदा आपला झाला की द्यायला हात निगत न्हाई. म्हून मोजायचा न्हाई.’

पण ते कमी पडलेले तीन मार्क माझ्या डोळ्यांपुढं नाचत होते. ‘मग माझं काय?’ मी विचारलं.

आईनं चिंधी नीट बांधली. ‘तुज्या पेपरात येल्लाप्पा हाय का?’

‘नाही.’

‘मग तितं मोज की एकापास्नं! तितं कोन घोंगडं पसरून बसलंय? हितलं हितं, तितलं तितं.’

येल्लाप्पामामा खो खो हसायला लागला. मला राग यायला हवा होता, आला नाही. भौतिकशास्त्रात काहीच बाजूला काढून ठेवता येत नाही. तिथं ऊर्जेचा कणन् कण कुठं गेला ते सांगावं लागतं, न मोजलेलं माप तिथं कुणालाच देता येत नाही. आणि आईच्या खळ्यावर एक माप न मोजता दिल्याशिवाय मोजायलाच सुरुवात होत नाही. दोन्हीकडचे नियम पक्के. दोन्ही पाळणारी मी एकटी, तेव्हा घोळ माझा होता, निस्तरायचाही मीच.

साताऱ्याला परत आल्यावर मी मगदूम मॅडमना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. ‘अगं, आमच्या दुकानात पण आजोबा लाभ म्हणायचे. पण आमचा लाभ म्हणजे एक! पुढं दोन. दुकानदार कधी एक सोडेल होय?’ मग गंभीर झाल्या. ‘आता सवय कशी मोडणार?’

‘मोडणार नाही,’ मी म्हटलं. ‘तुमच्या दुकानासारखं करणार.’

लाभ म्हणणं मला सोडता येणार नव्हतं, ते माझ्या जिभेच्या मुळाशी होतं. ते सोडायच्या नादात परीक्षेत भलतंच झालं असतं. मग ठरवलं, लाभ म्हणायचं, पण पुढं एक नाही, दोन. लाभ, दोन, तीन. रोज पन्नास गणितं. इलेक्ट्रॉन व्होल्टचे ज्यूल, ज्यूलचे अर्ग, अर्गांचे पुन्हा इलेक्ट्रॉन व्होल्ट. सकाळी दूध तापेपर्यंत, आण्णा ड्युटीवरून येईपर्यंत, पाणी भरायच्या रांगेत. आण्णा समोर बसून उड्या मोजायला लागले. मी लाभनंतर चुकून ‘एक’ म्हटलं की ते टेबलावर हात आपटायचे, ‘पीछे मुड!’ मी मुकाट्यानं टिंब मागं न्यायची. महिन्याभरात त्यांचा हात आपटायचा थांबला. बोटाला पेन्सिलीचा घट्टा पडला होता, तो अजून आहे.

पेपरात प्रश्न आलाच. सहा हजार दोनशे अँगस्ट्रॉम लांबीच्या प्रकाशलहरी, एका कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्ट, ज्यूल आणि अर्गमध्ये काढा. दोन इलेक्ट्रॉन व्होल्ट इथवर सहज आले. मग तीन पूर्णांक दोन लिहिलं, पेन्सिल टिंबावर ठेवली आणि ओठ हलायला लागले. लाभ, दोन, तीन. पर्यवेक्षक जवळ येऊन म्हणाले, ‘ओ ताई, तोंड बंद ठेवा.’ मी मान हलवली. त्यांनी पाठ फिरवल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कारण मध्येच तुटलेली रास आमच्याकडं धरत नाहीत. सतरा, अठरा, एकोणीस. थांबले. अठरा शून्यं भरली, पुढं बत्तीस. मग अर्गांसाठी उजवीकडं सात, तेही लाभ धरूनच.

निकाल लागला तेव्हा आण्णांनी पुन्हा दोनदा वाचला. ‘निघाला,’ ते म्हणाले आणि मग दुसरीकडं बघत बराच वेळ बूट पुसत बसले. आईला फोन केला तर तिनं एवढंच विचारलं, ‘किती उड्या व्हत्या म्हनालीस?’ मी म्हटलं, ‘लाभ धरून एकोणीस.’ ‘बरं,’ ती म्हणाली. पुढच्या सुगीपासून अठरा शेर यायला लागली.

मी एम.एस्सी. केलं, साताऱ्यातच नोकरी लागली, आण्णा माझ्याजवळच राहिले. दर रविवारी माझ्याकडं चारपाच मुली येतात, कुणाचा एक विषय राहिलेला, कुणाचे दोन. फी घेत नाही. त्यांच्या वह्यांतून मी त्यांच्या चुका नाही, सवयी शोधते. प्रत्येकीची निराळी असते, आणि बहुतेक वेळा ती घरूनच आलेली असते.

आज रविवार. मुली यायच्या आत मी ज्वारी मापायला घेतली. फरशीवर चादर अंथरली, पूर्वेला तोंड करून बसले. माझ्याकडं कुणी घोंगडं पसरून बसत नाही, म्हणून मी साताऱ्यात एकापासूनच मोजते. हितलं हितं. पोचा पडलेलं शेराचं माप भरत गेले, डब्यात रितं करत गेले. अठरा झाली. पोत्यात हात घातला, तर तळाशी अजून होती. माप भरलं. शिगोशिग भरलं.

मी फोन लावला. ‘आई, एकोणीस भरलीत.’

‘अठराच हायत,’ आई म्हणाली.

‘अगं, मी शिकवते कॉलेजात! एकोणीस आहेत.’

मग ती म्हणाली, ‘येल्लाप्पानं दिवाळीला मेंढरं इकली. गुडघं गेलं त्येचं, लेकाकडं गेला ऱ्हायला. जाताना म्हनाला, आता मेंढरं न्हाईत, मला लाभ नगं. आता तो कुनाला घालू? घरात ठिवला तर मोजला जाईल.’

‘मग?’

‘मग तुज्याकडं त्या पोरी येत्यात न्हवं, एकेक विषय ऱ्हायलेल्या.’

‘बरं,’ मी म्हटलं आणि फोन ठेवला. माप तसंच हातात होतं. मी उठले, स्वयंपाकघरातून एक रिकामा डबा आणला, तो शेर त्याच्यात वेगळा ओतला आणि दाराजवळच्या फळीवर ठेवला. आज त्या पोरींना भाकरी या डब्यातली.

आतल्या खोलीतून आण्णांनी विचारलं, ‘किती भरली गं?’

‘अठरा,’ मी म्हटलं.